भास्करचा कोरडा बोर

भास्कर गेल्याची बातमी आधी चुकीची आली. जुन्या मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, की त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला. वस्तुस्थिती वेगळी होती. त्याची मूत्रपिंडं बरेच महिने निकामी होत आली होती आणि तो नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या आपल्या घरात, झोपेत, बायको आणि मुलगी जवळ असताना गेला. सुनंदावहिनींशी बोलून मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली. काही अंगठे आले. तरी अमरधाममध्ये लोक एकमेकांना सांगत होते, "अटॅक म्हणजे सुटला बिचारा, हाल नाहीत." दशक्रियेच्या दिवशी गोदाकाठावर एका गृहस्थांना मी समोरासमोर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाले, "हो, पण शेवटी अटॅकच ना?" भास्कर असता तर या वाक्यावर मनापासून हसला असता. पहिली बातमी घरात राहायला येते आणि दुसरी पाहुणी म्हणून, असं तो म्हणायचा.

तो भूवैज्ञानिक होता. भूजलाच्या सरकारी खात्यात त्याची सगळी नोकरी गेली. जमिनीत ओळीने लोखंडी खुंट्या ठोकायच्या, त्यांना तारा जोडून वीज सोडायची, खाली मुरूम किती, भेगाळलेला खडक किती, अखंड काळा पाषाण किती ते यंत्रावर बघायचं आणि गावाला सांगायचं, की इथे बोर घ्या, तिथे घेऊ नका. पेठच्या डोंगरापासून मालेगावच्या माळापर्यंत तो 'खुंटीवाले साहेब' म्हणून ओळखला जायचा. माणूस उंच, किडकिडीत, उन्हाने रापलेला. बोलणं हळू. समोरचा तावातावाने काही सांगत असला की हा मध्ये तोंड घालायचा नाही, शेवटी फक्त "बरं..." म्हणायचा, आणि त्या 'बरं'चा अर्थ होकार की नकार हे कुणाला कळायचं नाही.

आमची ओळख मालेगावच्या अलीकडच्या एका गावात झाली. गावाला टँकर सुरू होता आणि मी त्याची बातमी करायला गेलो होतो. देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा भरली होती आणि भास्कर एका मोठ्या कागदावर आलेख दाखवून सांगत होता, की शाळेमागे खाली सलग खडक आहे, तिथे बोर घेऊ नका. गावाने शाळेमागेच बोर घेतला, कारण पाणाड्याने तीच जागा दाखवली होती. तळहातावर नारळ आडवा ठेवून पाणाड्या अनवाणी चालत जातो आणि नारळ जिथे उभा राहील तिथे खाली पाणी असतं, हा तिकडचा पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास. बोर कोरडा गेला. पुढल्या उन्हाळ्यात मी पुन्हा त्या गावात गेलो, तेव्हा तोच पाणाड्या सरपंचांच्या ओट्यावर बसून चहा पीत होता. नवी जागा दाखवायला त्यालाच बोलावलं होतं. मी सरपंचांना विचारलं, मागच्या वेळचं काय? "नारळ बरोबरच होता हो," सरपंच म्हणाले. "बोरच्या गाडीवाला चपला घालून पूजेला उभा राहिला ना!" शेजारचे एक काका म्हणाले, "चपलांचं काय सांगतो? पाणी होतं. मशीनच्या आवाजानं बाजूला सरकलं ते." यावर दोघांचं भांडण जुंपलं. चपला की आवाज, एवढाच वादाचा मुद्दा होता. नारळ चुकला असेल, ही शक्यता दोघांनीही धरली नाही.

भास्कर जवळच उभा होता. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, की तुम्हाला राग येत नाही का? त्याने ओट्याकडे बोट दाखवलं. "रागावून कुणावर रागावू? तो पाणाड्या माझा बाप आहे."

त्याचे वडील, तात्या, नामपूरजवळच्या एका खेड्यातले. मोसम नदीच्या दोन्ही काठांवर त्यांचा शब्द चाले. डोक्याला पांढरा रुमाल, पायांत काही नाही, आणि कुणाच्याही शेतात शिरण्याआधी बांधावर थांबून नमस्कार करण्याची रीत. पाणी दाखवायचे पैसे ते घेत नसत. विद्या विकली तर जाते, अशी त्यांची समजूत होती. बोर लागला की फोडलेल्या नारळातली एक कवड आणि घरच्या माणसांबरोबर एक जेवण, एवढाच त्यांचा मान. नारळ हातात घेण्याआधी ते उंबर कुठे आहे, वारूळ कुठे आहे, कुठली हिरवळ उन्हाळ्यातही टिकते, हे बघत चालायचे. भास्करच्या मते त्यांना जे काही पाणी सापडायचं ते या बघण्यामुळे. तात्यांच्या मते ते नारळामुळे. भास्कर हे कधी तुच्छतेने सांगायचा नाही. पाणी म्हणजे काय हे बापाने शिकवलं म्हणून मी या विषयात गेलो, असं तो ऑफिसातही सांगायचा.

तुच्छतेने बोलण्याचा काळही होऊन गेला होता, हे त्यानेच मला एकदा सांगितलं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना सुट्टीत घरी आल्यावर त्याने तात्यांना आव्हान दिलं. डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतःच्याच शेतात चाला, नारळ त्याच जागी उभा राहतो का बघू. धाकटा भाऊ विलास, शेजारपाजार, सगळे बांधावर जमले. तात्या हसत हसत तयार झाले, कारण मुलगा शिकतोय याचं त्यांना कौतुक होतं. नारळ उभा राहिला, पण दर फेरीला वेगळ्या जागी. भास्करने प्रत्येक जागी काठी रोवली. शेवटी शेतभर काठ्या झाल्या. लोक हसले. तात्यांनी पट्टी सोडली, काठ्यांकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "डोळा बांधीसन देव दिसस का?" मग ते बैलाला पाणी पाजायला निघून गेले. घरात आल्यावर आईने भास्करपुढे ताट सरकवलं. "जिकना ना भाऊ? आते जेवी ले." भास्कर म्हणायचा, माझ्या शिक्षणात सगळ्यात महाग पडलेला प्रयोग तो. कारण त्यानंतरही गावात तात्यांना बोलावणी येतच राहिली, उलट वाढली. त्या दिवशी बांधावर हसलेली माणसंही पुढे आपल्या शेतात त्यांनाच घेऊन गेली. आणि तात्या मात्र मुलासमोर नारळ हातात घेईनासे झाले.

यातून त्याने कामाची एक रीत बसवली, जी खात्याच्या कुठल्याही नियमात नव्हती. गावात गेला की तो आधी खुंट्या काढायचा नाही. गावचा पाणाड्या कोण ते विचारायचा, त्याच्या घरी जायचा, चहा घ्यायचा आणि म्हणायचा, "बाबा, तुम्ही तीन-चार जागा दाखवा. त्यातली कुठली पहिली घ्यायची ते माझं यंत्र सांगेल." पाणाड्या जागा दाखवायचा. त्यांतल्या सगळ्याच वाईट असल्या, तर भास्कर त्याच्याबरोबर पुन्हा चालायचा, उंबर बघत, ओढ्याचं वळण बघत, आणि पाणाड्याला आणखी एखादी जागा सुचेपर्यंत गप्पा मारत राहायचा. बोर लागला की नाव पाणाड्याचं. ऑफिसात यावर टिंगल चाले. एका नव्या सहकाऱ्याने भर बैठकीत विचारलं, "सर, नारळ खात्यातर्फे मिळतो का आपापला आणायचा?" भास्कर म्हणाला, "आपापला आणायचा. आणि खोबरं साहेबांना द्यायचं." मला मात्र हे पटत नव्हतं. वर्तमानपत्रात आयुष्य गेल्यामुळे चुकीचं ते चुकीचं असं छापावं, एवढंच मला कळत होतं. मी त्याला म्हणालो, की तू अंधश्रद्धेला सरकारी शिक्का देतोस. त्याने हातातला आलेख गुंडाळून ठेवला. मग म्हणाला, "हे बघ... शाळेमागच्या त्या बोरला चूक म्हणायचं, तर त्या सरपंचाला एका दमात काय काय चूक म्हणावं लागेल? त्याच्या बापाची विहीर याच तात्यांनी दाखवली. त्याच्या लग्नात तात्या वडीलधारे म्हणून उभे होते. मी आलेख दाखवतो, त्याला त्यात आलेख दिसत नाही रे. त्याला दिसतं, की हा साहेब आपल्याला आपल्या माणसांतून उठवायला आलाय."

तात्या थकले तसं त्यांना बोलावणं बंद झालं. गावोगाव यंत्रवाले खाजगी लोक फिरू लागले आणि तात्यांच्या हातचे लागोपाठ काही बोर कोरडे गेले. याच काळात घरच्या विहिरीनेही तळ गाठला. एका सकाळी तात्यांनी, कित्येक वर्षांनी, भास्करच्या देखत नारळ हातात घेतला. शेताच्या वरच्या अंगाला, कांदाचाळीच्या मागे, तो उभा राहिला. "आठे शे," पायाखालच्या मातीकडे बोट दाखवत तात्या म्हणाले. भास्करने दुपारी तिथे खुंट्या लावल्या. त्या आठवड्यात मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो, त्यामुळे आलेख मी पाहिला. रेघ वर चढत गेली होती, कुठेही खाली वळत नव्हती. मला त्यातलं फारसं कळत नाही. भास्करला कळत होतं. तो म्हणाला, "पाषाण आहे. सलग." विलास म्हणाला, "मंग दुसरीकडं घेऊ. तात्यांना सांगून टाक." भास्कर ओट्यावर बसलेल्या तात्यांकडे बघत राहिला. मग यंत्र पेटीत ठेवलं आणि बोरची गाडी बोलवायला विलासला नामपूरला पाठवलं.

गाडी आली, पूजा झाली, सगळ्यांनी चपला लांब काढून ठेवल्या. दिवसभर पांढरी भुकटी उडत राहिली. चाळ, झाडं, माणसं, सगळं पांढरं झालं. तात्या खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर रुमाल. ओल नाही, चिखल नाही, नुसती भुकटी. ऊन उतरू लागलं तेव्हा ते उठले आणि विलासला म्हणाले, "गाडी थांबाड." जेवायला मात्र ते आले नाहीत. त्यानंतर ते बोलायचेच कमी झाले. कुणी भेटायला आलं की भिंतीकडे तोंड करून पडून राहत. नारळ देव्हाऱ्यातून काढून त्यांनी माळ्यावर टाकायला सांगितला.

त्या वर्षी भास्करने एक काम केलं. कांदाचाळीच्या पत्र्याला पन्हळ बसवून, त्यातून पाइप काढून, मध्ये पाणी गाळायला वाळूचा खड्डा करून, पावसाचं पाणी त्या कोरड्या बोरमध्ये सोडलं. लोकांना सांगितलं, की हे पुनर्भरण आहे, खात्याची योजना आहे, अशाने भूजल वाढतं. योजना खरी होती. पण तिथे ती लागू पडणार नव्हती, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. सलग पाषाण पाणी घेत नाही, त्यामुळे सोडलेलं पाणी कुठे जाणार नव्हतं. पाऊस संपेपर्यंत बोर वरपर्यंत भरून राहिला, एखाद्या उंच, अरुंद माठासारखा. दिवाळीला मी गेलो होतो. वहिनी होत्या, विलास होता. भास्करने तात्यांना हाताला धरून शेतात आणलं, झाकण काढलं आणि आत खडा टाकला. लगेच 'डुबुक' असा आवाज आला. "तात्या, पाणी आहे," भास्कर म्हणाला. "उशिरा पाझरलं."

पुढचं मी जसं पाहिलं तसं लिहितो. भास्करने दोरीला डबा बांधून पाणी काढलं आणि तांब्यात ओतलं. तात्यांनी तांब्या वर न धरता ओठाला लावला, घोट तोंडात घोळवला. त्या भागातलं विहिरीचं पाणी जड, खारट. तांब्या खाली करताना तात्यांची नजर पत्र्याकडे गेली, पन्हळीवरून पाइपवर आली आणि थोडा वेळ तिथेच राहिली. मग त्यांनी भास्करकडे पाहिलं. "गोड शे," ते म्हणाले. आणि मग, "रोज एक तांब्या देत जाय."

पुढे पाऊणेक वर्ष तात्या जगले. भिंतीकडे तोंड करणं थांबलं. ते पुन्हा ओट्यावर येऊन बसू लागले, आल्यागेल्याला हाक मारू लागले. विलास रोज त्यांच्या उशाशी त्या बोरचा एक तांब्या ठेवायचा.

भास्करच्या मते हे त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी काम होतं. बाप आपला नारळ खरा ठरल्याच्या समाधानात गेला, असं तो सांगायचा, आणि सांगताना त्याचा आवाज बदलायचा. वहिनींना हे मान्य नव्हतं. त्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यांना कच्चं उत्तर चालायचं नाही. "अहो, त्यांना कळलं होतं," त्या म्हणायच्या. "पावसाचं पाणी त्यांना ओळखू येणार नाही? जन्मभर पाणीच चाखलं त्यांनी. पाइपकडे कसं बघत होते ते मी पाहिलंय. तुमच्यासाठी गोड म्हणाले ते." भास्कर चिडायचा. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस. म्हातारा माणूस कुठे तरी बघणारच, असं म्हणायचा. त्यांना चव कळेनाशी झाली होती, असं म्हणायचा. कळलं असतं तर ते मला बोलले असते, असं म्हणायचा. एकदा तर म्हणाला, थोडं पाणी खालूनही आलं असेल, त्या दिवशी माझ्या खुंट्या नीट बसल्या नव्हत्या. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऐकलंत? आता चपला तेवढ्या राहिल्या." तो उठून गच्चीत गेला. चपला आणि आवाज यांवरचं भांडण ज्याने मला समजावून सांगितलं होतं, तोच हा माणूस. मला विचारलं असतं तर मी नजरेबद्दल सांगितलं असतं, तिच्या अर्थाबद्दल नाही. त्याने मला कधी विचारलं नाही.

शेवटी भेटलो तेव्हा तो पलंगावर उशीला टेकून होता. पाय सुजले होते. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं आणि वहिनी ते एका छोट्या स्टीलच्या पेल्याने देत होत्या. "जन्मभर लोकांना पाणी जपून वापरा म्हणालो," तो म्हणाला, "आता बायको वसूल करतेय." "गप्प बसा, नाहीतर पुढचा पेला कॅन्सल," वहिनी म्हणाल्या. आम्ही हसलो. तो थकला, डोळे मिटून पडला. झोप लागली असं वाटत असतानाच त्याने विचारलं, "सुनंदा... तात्यांना खरंच कळलं होतं का गं?"

वहिनी पेला पुसत होत्या. त्यांनी तो पुसून झाल्यावरही पुसला. या प्रश्नाचं उत्तर त्यांनी इतकी वर्षं एकच दिलं होतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मलाच काहीतरी भास झाला असेल. तुम्ही त्यांच्या जवळ उभे होतात, मी लांब होते."

त्याने डोळे उघडून त्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "बरं..." म्हणाला. मग त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि तसाच झोपला.

मला पोचवायला वहिनी जिन्यापर्यंत आल्या. मी काही विचारलं नव्हतं. मी चपलेत पाय घालत असताना त्या म्हणाल्या, "शाळेत असं उत्तर बदललं असतं ना मुलांनी, तर कान पिळला असता मी." आणि आत गेल्या.

तेरावं झाल्यावर काही दिवसांनी त्यांना गावी जायचं होतं. मुलगी नोकरीवर परतली होती, म्हणून मी बरोबर गेलो. कांदा नुकताच चाळीत भरला होता, सगळ्या अंगणाला त्याचा वास होता. विलास आम्हाला शेतात घेऊन गेला. चाळीचे पत्रे जुने झाले होते, या पावसाआधी बदलायचे होते. पाइप उन्हाने तडकून सांध्यातून निखळला होता. त्याला पायाने जरा ढकलून विलास म्हणाला, "वहिनी, पत्र्यासंगं हा पाइप पन काढी टाकू का? उगाच अडचण. बोर त कोरडाच शे."

वहिनी खाली वाकल्या. बोरच्या झाकणावर चढलेली माती त्यांनी हाताने बाजूला केली.

"कोरडा कुठंय?" त्या म्हणाल्या. "पाणी आहे त्याला."

विलासने माझ्याकडे पाहिलं. मी पाइपकडे पाहत होतो. त्याने डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "बरं मंग," म्हणाला, "आता जाड पाइप घेऊ. हा हलका होता." लांबी किती लागेल ते बघायला तो चाळीतून सुतळी घेऊन आला. शिडीवर चढून एक टोक त्याने पत्र्याच्या कडेला धरलं. दुसरं टोक वहिनींनी घेतलं आणि झाकणावर ठेवून, सरकू नये म्हणून, अंगठ्याने घट्ट दाबून धरलं.